खंडेनवमीच्या दिवशीची चावी

आमच्या उपकेंद्राच्या सुरुवातीच्या दिवसांवर लिहा, असं मला आजवर बऱ्याचदा सांगितलं गेलं, आणि दर वेळी मी लिहून दिलं. पत्र्याच्या छपराखाली भरलेले पहिले वर्ग, प्लायवूडच्या भिंती, पावसाळ्यात शेडमध्ये शिरणारं पाणी, बाकं नव्हती तेव्हा उलटे ठेवलेले रंगाचे डबे. ते सगळं खरं आहे. स्मरणिकांमध्ये छापून आलं, लोकांनी कौतुक केलं. पण त्या प्रत्येक लेखातून मी एक दुपार गाळली. विसरलो म्हणून नव्हे. लिहायला बसलो की सर्वांत आधी तीच आठवायची, आणि तिला वळसा घालूनच मी पुढच्या ओळीवर जायचो. इतकी वर्षं हे जमलं. आता जमत नाही. ज्याच्याबद्दल हे आहे तो माणूस राहिला नाही, आणि त्याच्याबद्दल मी जे बोललो ते खरं धरून चाललेली माणसं अजून वसईत आहेत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. विद्यापीठाने वसईच्या पूर्वेला, एका बंद पडलेल्या कारखान्यात उपकेंद्र उघडलं. तिथे पूर्वी पत्र्याचे डबे बनत, तेलाचे, बिस्किटांचे, रंगाचे. मालकाने एके सकाळी फाटकाला टाळं ठोकलं, कामगार बाहेर मांडव घालून बसले, थकले, उठले. जागा फिरत फिरत सरकारकडे आली आणि सरकारने ती आम्हाला दिली. मी मुंबईत रसायनशास्त्र शिकवत होतो. वसईत पश्चिमेला नुकताच फ्लॅट घेतला होता, म्हणून केंद्रप्रमुख म्हणून माझं नाव लागलं. दुसरी काही पात्रता कुणी पाहिली नाही.

तिथे आम्ही कुणालाच नको होतो. आसपासच्या गावांनी कारखान्याला जमिनी दिल्या होत्या त्या नोकऱ्यांसाठी. नोकऱ्या गेल्या, कुंपण मात्र राहिलं, आणि त्या कुंपणाच्या आत आता आम्ही. गावातली माणसं फाटकावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलत. पश्चिमेच्या फ्लॅटांतले आईबाप आपल्या मुलांना मुंबईच्या कॉलेजांत घालत आणि ज्यांना तिथे मिळालं नाही त्यांना नाइलाजाने आमच्याकडे. मुलांनीच नाव पाडलं, डबा युनिव्हर्सिटी. माझ्या सोसायटीतल्या एका गृहस्थाने जिन्यात मला विचारलं होतं, पदवी देताना झाकण लावून देता की उघडीच? मी हसलो नाही. मला ते केंद्र आवडत नव्हतं, पण त्याची थट्टा सहन होत नव्हती. असा मी होतो.

जागा देताना एक अट होती, जुन्या कामगारांपैकी काहींना कामावर घ्यायचं. आम्ही चार-पाच जण घेतले, रोजंदारीवर. त्यांत एक फिटर होता. नायगावकडच्या खाडीकाठच्या गावातला, भातशेतीवाल्या घरातला. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, मिशा पांढऱ्या होत चाललेल्या. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठाच असेल. सकाळी सायकलवरून तोच सर्वांत आधी यायचा आणि दारं उघडायचा, म्हणून सगळ्या चाव्या त्याच्याकडे असत.

तो मला सर म्हणत नसे. सगळे म्हणत, तो नाही. तो म्हणायचा मॅनेजर. "मॅनेजर आले का?" "मॅनेजरला सांगा, नळ सुटलाय." मुलं खिदळायची. कारखान्यातल्या मॅनेजरांना त्याने किती पाण्यात पाहिलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्या हाकेत काय आहे हेही सगळ्यांना कळायचं. मला तर फारच कळायचं. मी त्याला अरे-तुरे करायचो. विद्यार्थ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, आणि आवाज चढवून. बसायला त्याला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एक स्टूल दिलं होतं. आत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी मी त्याला आत बसू देत नव्हतो.

त्याला काय हवं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. वेल्डर म्हणून पूर्वी काम केलेला एक जण आमच्याकडेच होता, त्याने सांगितलं होतं. फिटर कारखान्यात कायम झाला तेव्हा घरात चार माणसांसमोर ठरलं होतं की नोकरीवाल्याने शेत मागायचं नाही, शेत धाकट्या भावाचं. तशी पद्धतच होती त्यांच्याकडे आणि त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कायम नोकरीपुढे खाजणातलं, खाडीच्या खारवट जमिनीतलं भात ते काय. कारखाना बंद झाल्यावर हा भावाकडे गेला आणि भाऊ म्हणाला, तू नोकरीवाला, तुझी नोकरी गेली तर दुसरी बघ. शेतावर यायचं तर गडी म्हणून ये, लावणीला माणसं लागतातच. ते बोलणं गावासमोर झालं. तेव्हापासून फिटर भावाच्या दारावरून जात नसे, लांबच्या बांधाने फिरून यायचा. आमच्याकडे तो कायम झाला असता तर पुन्हा नोकरीवाला ठरला असता. "कायमचा कागद मिळू दे," तो बाकीच्यांना म्हणायचा, "त्याच्या अंगनातून सायकल नेतो घंटी वाजवीत."

आणि त्याच्या नावाची शिफारस करायची होती मी.

आता त्या प्रेसबद्दल सांगितलं पाहिजे. कारखान्याची सगळी यंत्रं मालकाने नेली, एक सोडून. पत्रा कापून दाबणारी जुनी पॉवर प्रेस, एवढी जड की ती हलवायला कुणी धजलं नाही. शेडच्या बरोबर मधोमध. आम्ही तिच्याभोवती वाचनालय केलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. कपाटांच्या रांगा, मध्ये ते काळं धूड, पुन्हा कपाटं. दर खंडेनवमीला जुने कामगार येत, आमचे चार-पाच आणि बाहेरचेही. प्रेस पुसत, तिला तेल देत, जवळच्या निर्मळ गावाहून आणलेल्या झेंडूच्या माळा घालत. तिच्यासमोर पाट मांडून त्यावर आपापली हत्यारं ठेवत, पाने, हातोड्या, पकडी. हळदकुंकू, नारळ, साखर. एकदा हत्यार पूजेत ठेवलं की त्याला दुसऱ्या दिवशी पूजा उचलेपर्यंत हात लावायचा नाही. यंत्राला आणि हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा द्यायचा तो हाच. फिटर चाव्यासुद्धा ठेवायचा. पाना गेला, पकड गेली, आता माझ्या हातात हत्यार म्हणून चाव्याच राहिल्या, असं तो म्हणायचा.

मला हे अजिबात खपत नव्हतं. एका वर्षी पूजेचं तेल फरशीवर सांडलं आणि माझ्या पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांना लागलं. मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. हे वाचनालय आहे की देऊळ, असं काहीतरी म्हणालो. त्याने फडक्याने तेल पुसलं, फडकं पिळलं, आणि मुलांकडे बघत म्हणाला, "हे प्रेस शॉप हाये, मॅनेजर. पुस्तकं पाव्हनी हायेत." मुलं मोठ्याने हसली. वर्गात शिकवताना ते हसणं मला पुढे कित्येक आठवडे ऐकू यायचं.

मग मी प्रेस भंगारात काढायचं ठरवलं. ट्रक आणि क्रेन आली तर फाटकात जुने कामगार उभे. घोषणा नाहीत, दगड नाही, नुसते उभे, पंचवीसतीस माणसं, काहींच्या बायकाही. क्रेनवाला म्हणाला, साहेब, आधी तुमचं आपसात मिटवा. क्रेन परत गेली. त्या गर्दीत फिटर नव्हता. तो आत प्रयोगशाळेच्या दाराशी आपल्या स्टुलावर बसला होता, कामावर. बाहेर बोलावणं पाठवलं ते त्यानेच, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, पण त्याच्यावर ठपका ठेवायला मला काही सापडेना. ते मी मनात ठेवलं.

नंतरच्या खंडेनवमीला विद्यापीठाची समिती येणार होती. पदव्युत्तर वर्गाला परवानगी द्यायची का, आणि रोजंदारीवरच्या माणसांच्या जागा मंजूर करायच्या का, या दोन्ही गोष्टी त्या एकाच भेटीवर होत्या. समितीने केंद्र पाहायचं, माणसं पाहायची आणि परत जाऊन सांगायचं. कामगारांना हे माहीत होतं. त्यांनी शेड धुऊन काढली, खिडक्यांना रंग दिला. पूजा पुढे ढकला असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, नवमी पुढे ढकलायची कशी? समितीला आवडेल, सर, बघा. मी म्हटलं, करा काय करायचं ते, पण थोडक्यात करा, आणि दुपारी माझ्या कामात आडवे येऊ नका.

त्या सकाळी फिटर माझ्या खोलीत आला. उंबऱ्याच्या आत यायचा नाही सहसा, त्या दिवशी आला. अंगावर धुतलेला शर्ट. हातात एक सुटी चावी.

"लॅबची," तो म्हणाला. "जुडग्यातून काढून आनलीय. मी आता पूजेला बसनार, मग चाव्यांना हात लावनार नाय. तुमचे पाव्हने यायचे. तुमच्याकडं ठेवा."

मी मान वर न करता म्हणालो, "ठेव." त्याने चावी टेबलावर ठेवली. तो गेल्यावर मी ती पॅंटच्या खिशात टाकली. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्याने एवढा विचार केला होता. माझ्याशी भांडण असताना, माझं काम अडू नये म्हणून त्याने ती चावी जुडग्यातून सोडवून आणली. आणि कुणाला साक्षीला उभं करावं असं त्याच्या मनातही आलं नाही. चावी ज्याला लागणार त्याच्या हातात दिली की आपलं काम झालं, अशी त्या लोकांची रीत. आम्ही शिकलेली माणसं एवढीशी वस्तू देतानाही समोर कोण आहे ते पाहून घेतो.

दुपारी मी जेवायला घरी गेलो. रुळांपलीकडे, स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटं. समितीसाठी इस्त्रीचे कपडे घातले. सकाळची पॅंट न्हाणीघराच्या दारामागे अडकवली. परत आलो तर समिती ठरल्यापेक्षा आधीच येऊन फाटकात उभी होती.

समितीचे अध्यक्ष मुंबईतले मोठे प्राध्यापक. माझे जुने परीक्षक. त्यांनी कधीकाळी माझा प्रबंध परत पाठवला होता आणि ते आम्हा दोघांच्या लक्षात होतं. वर्ग पाहिले, कार्यालय पाहिलं. बोलता बोलता प्रयोगशाळेपाशी आलो. कुलूप. मी खिशात हात घातला आणि खिसा रिकामा लागला. त्याच क्षणी मला न्हाणीघराचं दार दिसलं, दारामागची ती तपकिरी पॅंट दिसली. मला सगळं कळलं. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे मी स्वतःलाही कधी कधी सांगत आलो की गोंधळ झाला होता. गोंधळ अजिबात झाला नव्हता.

"काय हो," अध्यक्ष म्हणाले, "केंद्रप्रमुखांना स्वतःची प्रयोगशाळा उघडता येत नाही?"

त्यांच्याबरोबरचे दोघे हसले. मी म्हणू शकलो असतो, चावी घरी राहिली, पंधरा मिनिटं द्या. त्यांनी चहा घेतला असता. एवढंच होतं. पण ते हसणं मला मागच्या वर्षीच्या मुलांच्या हसण्यासारखंच लागलं, आणि तोंडातून निघालं ते असं, "आमच्याकडचा माणूस आज चाव्या पूजेत ठेवून बसलाय. मी सांगितलं होतं, पण ऐकत नाहीत."

आम्ही वाचनालयात गेलो. प्रेससमोर पाट, पाटावर हत्यारं, आणि त्यात मधोमध, हळदकुंकू लावलेलं, चाव्यांचं जुडगं. याहून ठळक पुरावा मला मागूनही मिळाला नसता. उदबत्ती जळत होती. कामगार उठून उभे राहिले, त्यांच्या चेहऱ्यावर पाहुणे पूजा पाहायला आले असा आनंद होता. एकाने प्रसादाचं ताट पुढे केलं.

अध्यक्ष फिटरला म्हणाले, "ती चावी घ्या आणि लॅब उघडा."

"लॅबची चावी यात नाय, साहेब. मॅनेजरकडं दिलीय. सकाळीच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"कधी दिलीस?" मी म्हणालो.

त्याला वाटलं असावं की मी विसरलोय, आता आठवेल, म्हणून तो थांबला. मला वेळ देत होता तो. मग म्हणाला, "तुमच्या खोलीत. टेबलावर ठिवली."

"माझ्याकडे नाही. जुडगं उचल."

"पूजा हाये, मॅनेजर. उद्या उचलीन. आनि चावी त्यात नायच तर उचलू कशाला?"

"उचल म्हणतो ना."

त्याने हात मागे बांधले. वेल्डर त्याच्या कानाशी जाऊन पुटपुटला, अरे उचल ना, आपल्या सगळ्यांचं हाये यात. तो हलला नाही. तेव्हा मी पुढे झालो, बुटांसकट, आणि पाटावरून जुडगं उचललं. बोटांना कुंकू लागलं. पूजेपाशी बसलेल्या म्हाताऱ्या कामगाराने तोंडावर हात ठेवला. मी जुडगं घेऊन प्रयोगशाळेकडे गेलो आणि त्यातली एकेक चावी कुलपाला लावून बघितली. एकही लागणार नाही हे माहीत असताना, समितीसमोर, कपाळावर आठ्या घालून, एकामागून एक. मग कुलूप फोडलं. शेवटी अध्यक्षांना सांगितलं, याने चावी कुठे टाकली देव जाणे, आता सांगतही नाही.

फिटर दारातच होता. त्याने ते सगळं पाहिलं. मला वाटतं, पहिल्या दोनतीन चाव्या लावेपर्यंत त्याला अजून वाटत होतं की मी विसरलोय. नंतर त्याला कळलं. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला आणि पुढची चावी लावली.

संध्याकाळी त्याला मी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. समितीसमोर बेशिस्त. बाकीच्यांना त्याच्यासमोरच एकत्र बोलावून सांगितलं, याच्यामुळे तुमच्या जागा अडकल्या तर मला दोष देऊ नका. त्यांना दुसरं काही सांगायची गरज पडली नाही. वेल्डर सर्वांत जास्त बोलला. सर खोटं कशाला बोलतील, तुझीच मस्ती, तुझ्यापायी आमच्या पोटावर पाय. फिटर म्हणाला, "मी पूजेसमोर खोटं बोलन?" तो सायकल घेऊन गेला. त्यांना माझी गरज होती, त्याची नव्हती, आणि हे त्यालाही दिसत होतं.

मी घरी पोचलो तर बायकोने पॅंट भिजत घातली होती. खिशातली चावी काढून तिने फ्रिजवर ठेवली होती. ही कसली, म्हणाली. मी सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, बहुधा तिने मला बरोबर ठरवावं म्हणून. तिने भिजवलेली पॅंट पिळून ठेवली. मग म्हणाली, उद्या दसरा आहे, सकाळी त्यांच्या घरी जा, सोनं द्या आणि सांगून टाका. दसऱ्याला दारात आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समितीच्या अध्यक्षांना फोन करून दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. नायगावला गेलो नाही. चावी काही दिवस फ्रिजवरच होती. पुढे बायकोने ती कुठे टाकली, मी विचारलं नाही. या विषयावर ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही, आणि मला तेच हवं होतं.

पदव्युत्तर वर्गाला परवानगी मिळाली. वर्षभराने त्या जागाही मंजूर झाल्या आणि वेल्डर धरून सगळे कायम झाले. फिटर भावाच्या शेतावर लावणीला गेला, हे मला वेल्डरनेच सांगितलं. हसत सांगितलं. गडी म्हणून गेला, म्हणाला. प्रयोगशाळेबाहेरच्या स्टुलावर आता वेल्डर बसायचा. मी त्याला आत खुर्ची दिली होती, पण तो स्टुलावरच बसायचा.

पुढे शाळा-कॉलेजांना बरे दिवस आले, शहरालाही. कारखान्यांच्या जागी गाळे, गाळ्यांच्या जागी इमारती. केंद्रावर आता कुणी डबा म्हणून हसत नव्हतं, प्रवेशासाठी रांगा लागत. मी निवृत्त झालो. मुलासाठी फ्लॅट बघत फिरत असताना नायगावला खाडीच्या बाजूला उभ्या राहत असलेल्या टॉवरांच्या फाटकाशी पोचलो तर खुर्चीवर, खाकी शर्टात, तो बसला होता. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मिशा पूर्ण पांढऱ्या.

तो उठून उभा राहिला. "या, सर," म्हणाला. सर म्हणाला.

ज्या जमिनीवर ते टॉवर उभे राहत होते ती त्याच्या भावाची होती. बिल्डरला विकली होती. नोकरीवाल्याचा त्यात वाटा नव्हता. भावाने बिल्डरला सांगून त्याला तिथे वॉचमन लावून दिलं होतं, आणि गावात त्याचे उपकार म्हणून बोललं जात होतं. हे सगळं त्याने मला सॅंपल फ्लॅटचा जिना दाखवता दाखवता सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

मी म्हणालो, त्या दिवशीची चावी. एवढंच म्हणालो.

"माहीत हाये मला," तो म्हणाला. "मी दिली, तुमी घेतली. मला काय सांगता? मला ठाऊकच हाये."

"चुकलं माझं."

"इथं सांगू नका." तो रागाने बोलत नव्हता, पण माझ्याकडे बघतही नव्हता. "इथं कोन ऐकतंय, मी नि हे सिमेंट? तुमी इथं बोलून मोकळे होनार. तिकडं माझे लोक अजून मला खोटा म्हनतात. लग्नाकार्यात भेटले की म्हनतात, आला बघा चावीवाला. सांगायचं तर तिथं सांगा. तिथं, त्यांच्यासमोर. तवर ते तुमचं तुमच्याकडंच ठेवा."

महिन्याभरात केंद्राच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि पहिला केंद्रप्रमुख म्हणून मला दोन शब्द बोलायचे होते. मी त्याला म्हणालो, या. तिथे सांगतो. शब्द देतो.

तो फाटकाकडे परत गेला. पण तो आला.

समारंभ नव्या सभागृहात होता. जुनी शेड पाडली होती. जी प्रेस मी भंगारात घालायला निघालो होतो तिला हिरवा रंग देऊन दारात चौथऱ्यावर ठेवलं होतं, आणि पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढत होते. व्यासपीठावर ते जुने अध्यक्ष होते, आता अधिकच मोठ्या पदावर. वेल्डर आणि बाकीचे निवृत्तीला आलेले, तिसऱ्या रांगेत, नव्या शर्टांत. फिटर अगदी मागे, भिंतीला टेकून उभा. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभा. त्याने दाढी केली होती.

माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकपाशी गेलो. रात्रंदिवस घोकलेली वाक्यं माझ्याकडे होती, चारच, लहान. मी प्लायवूडच्या भिंतींपासून सुरुवात केली. पावसाच्या पाण्यावर आलो, लोक हसले. उलटे ठेवलेले डबे सांगितले, पुन्हा हसले. मग मी म्हणालो, कारखान्यातल्या आपल्या जुन्या कामगार बंधूंबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. तिसऱ्या रांगेतून वेल्डरने अभिमानाने मान वर केली. अध्यक्षांनी माझ्याकडे वळून बघितलं, चेहऱ्यावर तेच जुनं, परीक्षकाचं हसू. फिटर भिंतीपासून सुटा झाला, सरळ उभा राहिला.

आणि मी म्हणालो, त्यांचे उपकार हे केंद्र कधी विसरणार नाही. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो.

तो लगेच गेला नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभा होता. मग मागच्या दाराने बाहेर पडला, चहाला थांबला नाही. मी त्याला हाक मारली नाही, तीही सगळ्यांसमोर मारावी लागली असती. नंतर नायगावला दोनदा गेलो. पहिल्यांदा तो सुट्टीवर होता. दुसऱ्यांदा फाटकावर दुसरा वॉचमन होता, त्याने सांगितलं, म्हातारा गेला, पावसाळ्याच्या आधीच. तेराव्याला वेल्डर गेला होता. त्याने मला नंतर रस्त्यात गाठून सांगितलं, सर, माणूस चांगला होता, तेवढी ती चावीची खोड सोडली तर. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि मान डोलावली.

म्हणून ती चार वाक्यं इथे लिहितो. सभागृहात बोलायची होती ती. त्या दिवशी पूजेसमोर जे कुणी होते त्यांच्यासाठी ती आहेत, वेल्डरसाठी आहेत, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्यासाठी, ज्यांना मी आयुष्यभर अरे-तुरे केलं.

लॅबची चावी तुम्ही मला सकाळी माझ्या खोलीत आणून दिली होती. ती माझ्या घरी, माझ्या पॅंटच्या खिशात होती, आणि जुडग्यातली पहिली चावी कुलपाला लावायच्या आधीपासून मला ते माहीत होतं. तुम्ही खरं बोललात, खोटं मी बोललो. मला क्षमा करा.